पोटात राहिलेला पाना

यंत्राच्या पोटात आपल्या हातून एखादे अवजार पडले आणि ते पडताना कोणी पाहिले नाही, तर त्या यंत्राविषयी आपले कर्तव्य काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी कारखान्यातला वाटेल. नीतिशास्त्राच्या ग्रंथांत त्यास जागा मिळण्याजोगी वाटणार नाही. तथापि आमच्या वाचकांपैकी बहुतेकांचे आयुष्य एका गावी कार्यभार घेण्यात व दुसऱ्या गावी जाण्यासाठी तो सोडण्यात गेलेले आहे. त्यांस हा प्रश्न परका वाटू नये.

उदाहरण आम्ही जुन्या साखळीच्या ट्रॅक्टरचे घेतो. कारण ज्या मुलखांत आमच्यापैकी पुष्कळांनी नोकऱ्या केल्या, त्या मुलखांशी या यंत्राचा जवळचा संबंध आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याने मागे ठेवलेले ट्रॅक्टर घेऊन केंद्र सरकारने केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी केली. पुढे १९४९ साली जागतिक बँकेने शेतीच्या यंत्रांसाठी एक कोटी डॉलरांचे कर्ज मंजूर केले. भोपाळ, सागर, बुंदेलखंड या भागांत कांस गवताने हजारो एकर काळी जमीन गिळली होती. त्याची मुळे इतकी खोल जात की बैलांच्या नांगरास ती दाद देत नसत. भर उन्हाळ्यात अवजड नांगराने जमीन खोल उलथून मुळे उन्हात वाळविणे हा त्यावर उपाय होता, आणि तो या यंत्रांनी केला. संघटना इतिहासजमा झाली. परंतु त्या जातीची यंत्रे लिलावातून ठेकेदारांच्या हाती गेली आणि बांधबंदिस्ती, तलाव, रस्ते यांच्या कामांवर दीर्घकाळ राबली.

या यंत्रास मोटारीसारखे वळणारे चाक नसते. इंजिनाची शक्ती मागच्या बाजूस येऊन डाव्या व उजव्या साखळीकडे विभागली जाते, आणि प्रत्येक बाजूस एकेक सुकाणू-क्लच असतो. पोलादी व अस्तर लावलेल्या चकत्या एकाआड एक रचून त्या स्प्रिंगांनी घट्ट दाबलेल्या असतात. चालकाने डावा दांडा ओढला की डाव्या चकत्या एकमेकींपासून सुटतात, त्या साखळीची शक्ती तुटते आणि यंत्र डावीकडे वळते. अधिक वळवायचे असेल तर त्याच बाजूचा ब्रेक दाबावयाचा. दांडा ओढू लागल्यावर आरंभीची थोडी चाल रिकामी जावी लागते. मिस्त्री लोक तिला ‘प्ले’ म्हणतात. चकत्या झिजत जातात तशी ही रिकामी चाल कमी होते, आणि ती मुळीच उरली नाही तर चकत्या पुऱ्या दाबल्या न जाता घसरतात, तापतात व जळतात. म्हणून वेळोवेळी नट फिरवून ती पुन्हा राखून ठेवावी लागते. नवख्यास हा ढिलेपणा दोष वाटतो व तो काढून टाकण्याचा मोह होतो. पण तोच तर यंत्राचा प्राण!

हे नट पुष्कळ यंत्रांत चालकाच्या बैठकीखाली, झाकण उघडल्यावर सापडतात. जागा अरुंद, हात तेलकट, वर ऊन. पाना निसटतो, कड्यावर आपटून आवाज करतो आणि खाली अंधारात जातो. लोहचुंबक दोरीला बांधून सोडावा तर तो पान्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी कवचाच्या लोखंडालाच चिकटून बसतो. मग तारेचा आकडा, आरसा, विजेरी. तेवढ्यानेही न भागल्यास अर्धे यंत्र उघडावयाचे. म्हणून जाणता मिस्त्री पान्याला आधीच सुतळी बांधतो, किंवा भोकात चिंधी कोंबून ठेवतो (मग ती चिंधीच आत राहून जाते ही गोष्ट वेगळी, शस्त्रक्रियेच्या खोलीत कापसाच्या पट्ट्या मोजण्याची रीत याच अनुभवातून आली असावी).

आता कल्पना करा, की संध्याकाळ झाली आहे, पाना सापडत नाही आणि उद्या सकाळी यंत्र कामावर हवे आहे. पाना तळाशी निपचित पडून राहील, कदाचित वर्षानुवर्षे. किंवा एखाद्या धक्क्याने उसळून फिरत्या नळकांड्यात सापडेल आणि कवच फोडील. मिस्त्रीने झाकण बसविले व तो घरी गेला. समजा, पुढे काहीच झाले नाही. त्याने अपराध केला काय?

क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली श्रद्धेच्या नीतीवर लिहिलेल्या निबंधात असाच दाखला घेतला आहे. जहाजाचा मालक जुन्या जहाजाविषयीच्या शंका मनातच दाबतो आणि प्रवासी भरून ते रवाना करतो. जहाज बुडाले तर तो दोषी खराच. पण ते सुखरूप पोहोचले तरी त्याचा दोष तिळमात्र कमी होत नाही, असा क्लिफर्डचा निर्णय आहे. बर्नार्ड विल्यम्स व टॉमस नेगेल यांनी १९७६ साली याच्या उलट अडचण मांडली : परिणाम दैवाधीन असला तरी माणसाला दिला जाणारा दोष आपण परिणामानुसारच कमीअधिक करतो, आणि ही सवय आपल्याला सोडवत नाही. १९८० च्या सप्टेंबरात अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात, दमास्कस गावाजवळ, क्षेपणास्त्राच्या भुयारात काम करणाऱ्या सैनिकाच्या पान्याचे सॉकेट सुमारे ८० फूट खाली पडले, इंधनाची टाकी फुटली व काही तासांनी झालेल्या स्फोटात एकजण मेला. तेच सॉकेट हातभर बाजूला पडते तर ती गोष्ट आज कोणास ठाऊकही नसती.

लोकमान्यांनी ‘गीतारहस्या’त कर्माच्या बाह्य परिणामापेक्षा कर्त्याची बुद्धी श्रेष्ठ ठरविली आहे. ही कसोटी लावली तर पाना पडला त्या क्षणी मिस्त्री निर्दोष आहे. त्याची बुद्धी तपासावयाची ती झाकण बसविताना. तेव्हा त्याला ठाऊक होते, आणि उद्या त्या बैठकीवर बसणाऱ्याला ठाऊक नव्हते. एकाचे ज्ञान व दुसऱ्याचा धोका यांची अशी फारकत जाणूनबुजून करणे, हाच आमच्या मते येथला अपराध. यंत्र सुखरूप चालले तरी तो घडून गेलेलाच असतो. पाना काढणे शक्य नसेल. सांगणे नेहमीच शक्य असते.

परंतु येथेच थांबून मिस्त्रीला शहाणपण शिकविणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. जेथे पाना हरवल्याची कबुली देताच पगारातून त्याची किंमत कापली जाते, वर चार शिव्या बसतात आणि यंत्र थांबल्याचा ठपकाही त्याच्याच नावावर लागतो, तेथे मौन कोणी विकत घेतले? विमानांच्या दुरुस्तीत अवजारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असते. रिकामी आकृती दिसली की माणसाची चौकशी होण्याआधी विमान थांबते. साहेबाचा दरारा एवढा, की त्याच्यापुढे कोणी चूक सांगत नाही, असे कौतुकाने बोललेले आम्ही पुष्कळदा ऐकले आहे. अशा साहेबाच्या खात्यात किती पाने आत पडून असतील याचा हिशेब कौतुक करणाऱ्यांनी अवश्य करावा.

आणखी एक प्रकार आहे, व तो पान्याहून सोज्वळ दिसतो. आतली जुनी सील गळू लागली की तेल कोरड्या चकत्यांवर येते व क्लच घसरतो. तळचे बूच काढून चकत्या रॉकेलने धुतल्या तर काही दिवस तो उत्तम धरतो. तातडीच्या कामात हा उपाय वापरण्यात गैर काही नाही. पण तपासणीच्या किंवा यंत्र दुसऱ्याच्या हवाली करण्याच्या आदल्या दिवशी धुतलेला क्लच ही काय वस्तू आहे? खोटे एक अक्षर बोललेले नसते. बदलीच्या हुकुमानंतरच्या आठवड्यात ज्यांनी तुंबलेली प्रकरणे ‘अधिक माहिती मागवावी’ असा शेरा मारून टेबलावरून हलविली असतील, त्यांस हे रॉकेल ओळखू यावे. डेडस्टॉकच्या खुर्च्या मोजून दिल्याची सही होते. सील गळते हे मात्र नव्या माणसास तिसऱ्या महिन्यात कळते.

यावर कोणी म्हणेल, की जुने यंत्र विकताना सरकार ‘जेथे आहे तेथे, जसे आहे तसे’ असे स्पष्ट लिहून देते. घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत. कायद्यात हे उत्तर चालत असेल. पण साखळीच्या ट्रॅक्टरचा एक गुण असा आहे, की उतारावर इंजिनाने यंत्र रोखून धरलेले असताना नुसता डावा दांडा ओढला व ब्रेक लावला नाही, तर डावी साखळी मोकळी सुटून उजवीपेक्षा वेगाने धावते, आणि यंत्र डावीकडे न वळता उजवीकडे जाते. जुने चालक हे जाणतात व तेथे ब्रेकावरच भिस्त ठेवतात. आता ज्याचा क्लच तेलाने घसरतो असे यंत्र घेऊन कोणी उतरत असेल, तर दांडा ओढलेला नसतानाही एक बाजू मोकळी सुटू शकते. लिलावाच्या कागदावर सही ठेकेदाराने केलेली असते. उतारावर बैठकीवर बसलेला माणूस वेगळा, रोजंदारीचा. त्याने तो कागद पाहिलेलाही नसतो. त्याच्यापर्यंत पोहोचेल अशी एक चिठ्ठी दांड्याला बांधून देण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी असल्याचे आमच्या वाचनात नाही.