भाडेवाढ आणि कराराची अमानत

नीरेच्या काठी वसलेल्या शिरवळमध्ये कारखाने आले, तसे घरांवर मजले चढले. परगावचा कामगार एक-दोन खोल्यांत बिऱ्हाड मांडतो, अकरा महिन्यांचा करार होतो आणि एके दिवशी घरमालक सांगतो, ‘महागाई वाढली, भाडे वाढवावे लागेल.’ हे वाक्य मुदत संपल्यावर उच्चारले की मुदतीच्या मध्येच, यावर शरीअतचा निर्णय बदलतो.

दिव्य कुरआनच्या सूरह अल्-कससमध्ये (२८:२७-२८) हजरत मूसा (अ.) यांचा मदयनमधील करार आला आहे. आठ वर्षांची सेवा ठरली. दहा वर्षे पूर्ण करणे मूसांच्या खुशीवर सोडले गेले. मदयनच्या त्या वृद्ध गृहस्थांनी, आपण तुमच्यावर ओझे लादू इच्छित नाही, असेही स्पष्ट केले. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्या कथनानुसार मूसांनी मोठी मुदत पूर्ण केली, पण ती मागून घेतलेली नव्हती, दिलेली होती.

इजाऱ्यात म्हणजे भाडेकरारात मोबदला व मुदत दोन्ही ज्ञात असाव्या लागतात. म्हणून ‘दरवर्षी पाच टक्के वाढ’ ही अट आधीच ठरली असेल तर ती वैध आहे. ‘बाजार पाहून मालक ठरवील तितकी’ ही अट वैध नाही. दीर्घ मुदतीच्या करारात पहिल्या कालखंडाचे भाडे निश्चित करून पुढचे भाडे महागाईच्या निर्देशांकाशी जोडता येते. मात्र प्रत्येक कालखंडाच्या आरंभी रक्कम ठरलेली हवी. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने २००० साली रियाधमध्ये हाच निर्णय दिला.

काही मालक एका हदीसचा आधार घेतात. मदीनेत भाव चढले, तेव्हा लोकांनी दर ठरवून देण्याची विनंती केली आणि पैगंबर (स.) यांनी ती मान्य केली नाही. अबू दाऊद व तिर्मिजी यांनी ही हदीस नोंदविली आहे. परंतु ती तेथे संपत नाही. कोणाच्या जीविताविषयी वा मालाविषयी अन्यायाचा दावा आपल्यावर नसताना अल्लाहला भेटण्याची इच्छा त्यांनी त्याच वेळी व्यक्त केली. अर्धी हदीस सोयीची असते! घरपट्टी व दुरुस्तीचा खर्च किती वाढला, याचा हिशेब न करता केवळ शेजाऱ्याने वाढविले म्हणून भाडे वाढविणाऱ्याने उरलेली अर्धीही वाचावी.

भाडेकरूही या प्रश्नातून सुटत नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने अनेक घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविली. ती तरतूद काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले, आणि महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्याने संरक्षित भाडेकरूंसाठी वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. नाममात्र भाड्यात राहून तीच खोली दुसऱ्याला चढ्या दराने देणारा मनुष्य कोणाचा माल खातो, हे त्याने सूरह अन्-निसाच्या २९ व्या आयतीसमोर उभे राहून पाहावे.

थकलेल्या भाड्याचा नियम वेगळा आहे. ते आता कर्ज झाले. कारखान्यातून कमी केलेल्या कामगाराकडे तीन महिन्यांचे नऊ हजार रुपये थकले असतील, तर महागाई कितीही वाढो, घेणे नऊ हजारच. वर काही आकारले तर ते व्याज होय. आणि तो खरोखर अडचणीत असेल, तर सूरह अल्-बकरा (२:२८०) त्याला हात मोकळे होईपर्यंत सवड द्यायला सांगते.