आतली पावले मोजायची की नाही

दोन यंत्रणा बाहेरून तेच उत्तर देतात, पण एक आत कमी खटाटोप करते. त्या एकच म्हणायच्या की वेगळ्या? समांतर प्रक्रियांच्या चाचणी-सिद्धान्ताने या तात्त्विक प्रश्नाला काटेकोर रूप दिले. रोक्को दे निकोला आणि मॅथ्यू हेनेसी यांची 1984 सालची मांडणी अशी: प्रक्रियेला एक परीक्षक जोडायचा, दोघांना एकत्र चालू द्यायचे आणि परीक्षकाला यश मिळते का, एवढेच पाहायचे. समांतर कामात कोणते पाऊल आधी पडेल हे ठरलेले नसते. म्हणून ‘यश मिळू शकते’ आणि ‘काहीही झाले तरी मिळतेच’ हे निकाल वेगळे धरावे लागतात. कोणत्याही चाचणीत ज्यांचे निकाल वेगळे येत नाहीत, त्या प्रक्रिया समान.

या समानतेची अडचण जुन्नर तालुक्यातील खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीत नीट दिसते. तिथे 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना एकाच वेळी आकाशाकडून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपतात. त्यांचे संकेत प्रकाशतंतूंतून मध्यवर्ती इमारतीत येतात आणि कोरिलेटर प्रत्येक जोडीचे, म्हणजे एकूण 435 जोड्यांचे, संकेत पडताळतो. मूळचा खास बनवलेला हार्डवेअर कोरिलेटर जाऊन पुढे संगणकांवर चालणारी प्रणाली आली. एकाच निरीक्षणातून दोन्हींनी तेच चित्र द्यायला हवे. आत किती पायऱ्या पडल्या, हे चित्रात उमटत नाही. साध्या चाचणीच्या लेखी दोन्ही सारख्याच.

एस. अरुणकुमार आणि हेनेसी यांनी 1992 साली आतल्या, बाहेरून न दिसणाऱ्या पावलांचा हिशेब धरणारा कार्यक्षमतेचा क्रम मांडला. व्ही. नटराजन आणि रान्स क्लीव्हलँड यांनी हा विचार चाचणीच्या चौकटीत आणला: परीक्षकाशी होणाऱ्या व्यवहारात अशी किती पावले लागू शकतात, ते पाहायचे. सरासरी वेगापेक्षा हे मोजमाप अधिक प्रामाणिक आहे, कारण त्यात सर्वांत वाईट क्रमालाही जागा आहे.

मात्र घटकाचा वेग म्हणजे समूहाचा वेग नव्हे. जीएमआरटीतच पाहा: 14 किलोमीटर लांबीच्या तंतूतून येणाऱ्या संकेताला सुमारे 70 मायक्रोसेकंद लागतात. जवळच्या अँटेनाचा संकेत तोवर थांबवून मगच जोडी जुळवली जाते. तो आणखी लवकर आला तरी नुसता अधिक थांबेल. सिद्धान्ताची अपेक्षा म्हणूनच माफक, पण कडक आहे: घटक सुधारला तर कोणत्याही जोडणीत एकूण काम निदान मंदावू नये.

सातव्या शतकातील बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने वस्तूच्या खरेपणाचा निकष अर्थक्रियेत, कार्य घडवण्याच्या सामर्थ्यात, पाहिला. चाचणी-सिद्धान्तही प्रक्रियेची ओळख तिच्या कार्यातूनच करतो, आणि कार्यक्षमतेचा विचार त्या ओळखीत खर्चही धरतो. पण एका चाचणीत पहिली प्रक्रिया सरस आणि दुसरीत दुसरी सरस, असेही घडते. अशा जोडीत ‘अधिक कार्यक्षम कोण’ या प्रश्नाला उत्तरच नसते. हा क्रम सर्वांना एका रांगेत बसवत नाही.