निपाणीची तंबाखू आणि रक्ताचा दोष

तंबाखूच्या नादी लागलेल्या शाळकरी पोराबद्दल निपाणी-चिकोडी पट्ट्यात एक निकाल झटकन दिला जातो: ते घराण्यातच आहे. पूर्वी ही पारावरची समजूत होती. आता तिला जनुकशास्त्राचा टिळा लागला आहे. धोका पत्करण्याची वृत्ती जनुकांत असते, जनुके आईबापांकडून येतात, म्हणून बापाची विडी पोराच्या ओठी येते, असा हा युक्तिवाद. तो अर्धा खरा आहे, आणि त्यामुळेच तो खोडून काढणे गरजेचे आहे.

खरा भाग असा. निकोटिन स्वीकारणाऱ्या मेंदूतील ग्राहींची काही जनुके पंधराव्या गुणसूत्रावर शेजारीशेजारी आहेत. तेथील एका बदलाचा अति धूम्रपानाशी संबंध असल्याचे 2008 मध्ये वेगवेगळ्या संशोधक गटांनी दाखवले. त्या बदलाच्या प्रत्येक प्रतीमागे दिवसाला साधारण एक सिगारेट वाढते. यकृतातले एक विकर निकोटिनचा निचरा किती वेगाने करते, हेही बऱ्याच अंशी वारशाने ठरते. 2019 मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांच्या पाहणीत धोका पत्करण्याच्या वृत्तीशी निगडित 99 जनुकस्थाने सापडली. पण जनुकीय माहिती एकत्र करून काढलेल्या गुणांकाने त्या वृत्तीतल्या माणसामाणसांतील फरकाचा दोन टक्केही उलगडा झाला नाही. शिवाय ही सगळी माणसे युरोपीय वंशाची होती.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पंधराव्या गुणसूत्रावरचा तो बदल ओढणारा किती ओढतो हे सांगतो. पहिला झुरका कोण घेणार याबद्दल तो जवळपास मुका आहे. व्यसनाची सुरुवात आणि व्यसनाचे जडणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि चालू चर्चेचा सगळा गोंधळ त्या एक मानण्यातून होतो. जुळ्यांच्या अभ्यासांतही हेच दिसते: कोवळ्या वयात घर आणि सोबती यांचा वाटा मोठा असतो, वय वाढते तसा आनुवंशिकतेचा वाटा वाढत जातो.

रक्ताचा दोष मानणारे येथे आनुवंशिकतेच्या टक्केवारीकडे बोट दाखवतात. ही टक्केवारी माणसाचा गुणधर्म नसते. ठरावीक काळी, ठरावीक समाजात, माणसामाणसांतील फरक किती प्रमाणात जनुकांमुळे आहे, एवढेच ती सांगते. स्वीडनमधील जुळ्यांच्या अभ्यासाने हे लख्ख दाखवले. 1925 पूर्वी जन्मलेल्या स्त्रियांच्या तंबाखूसेवनात आनुवंशिकतेचा वाटा शून्य निघाला. 1940 नंतर जन्मलेल्यांत तो साठ टक्क्यांच्या वर गेला. दोन पिढ्यांत जनुके बदलत नाहीत. बदलली ती लोकलज्जा. बंधन सैल झाले, तंबाखू हाताशी आली, आणि तोवर दबून राहिलेले शारीरिक फरक उघडे पडले. म्हणजे एखाद्या भागात व्यसनाची आनुवंशिकता जास्त निघाली, तर तेथे तंबाखू सर्वांच्या हाताशी आहे असाही त्याचा अर्थ असू शकतो. ज्या आकड्याने दोष रक्तावर ढकलायचा, तोच आकडा पुरवठ्याकडे बोट दाखवतो.

आणि पुरवठ्याच्या बाबतीत निपाणीइतका बोलका मुलूख क्वचितच असेल. 1981 च्या ज्या शेतकरी आंदोलनाने हे गाव देशभर गाजले, ते तंबाखूच्या भावासाठीच होते. पिकाचे शेंडे खुडताना, फुटवे काढताना हातावर चिकाचा काळपट थर बसतो, तो साबणाने लवकर निघत नाही. ओल्या पानांतले निकोटिन कातडीतून शरीरात जाते, गरगरते, उलटी होते. वखारीत बायका दिवसभर तंबाखूच्या खकाण्यात बसून चाळण-निवड करतात. बाईने विडी ओढलेली खपत नाही, पण सकाळी दातांना लावायची तंबाखूची मिसरी कोणाला खटकत नाही. ही मिसरी गरोदरपणीही सुटत नाही, आणि गरोदरपणी तंबाखू खाणाऱ्या स्त्रियांची मुले कमी वजनाची जन्मतात, हे मुंबईतील अभ्यासात दिसले आहे. आईच्या पोटातच निकोटिनशी गाठ पडलेल्या मुलाबद्दल 'आईकडून आले' म्हणणे खरे आहे. त्यात जनुकांचा संबंध असेलच असे नाही. घराण्यातून येणारे सगळे रक्तातून येत नाही.

सीमेचा दाखला तर हाताशीच आहे. 1956 मध्ये राज्ये वेगळी झाली, सोयरिकी झाल्या नाहीत. महाराष्ट्रातल्या कागलचा भाचा आणि कर्नाटकातल्या निपाणीचा मामा एकाच रक्ताचे. तरी गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 च्या जुलैत बंदी आली, कर्नाटकात 2013 च्या मे महिन्यात. मधले महिने एकाच कुळातल्या दोन पोरांना दोन कायदे लागू होते. बंदीनंतर पानमसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत विकून, ग्राहकाच्या तळहातावर एकत्र करण्याची वाटही निघाली. त्या वाटेचा उगम कोणत्याही गुणसूत्रावर सापडणार नाही.

रक्ताऐवजी संस्कार कमी पडले म्हणणाऱ्यांनी संस्कारी घरातली चुन्याची डबी पाहावी. किशोरांचा मेंदूच अपरिपक्व, हे स्पष्टीकरण बरोबर असले तरी ते जगातल्या प्रत्येक पोराला लागू पडते, म्हणून निपाणीबद्दल वेगळे काही सांगत नाही.

सुरुवात आणि जडणे वेगळे धरले की उपायही वेगळे होतात. सुरुवातीसाठी 2003 चा कायदा आहे: अठरा (कर्नाटकात 2025 पासून एकवीस) वर्षांखालील मुलांना विक्री नाही, शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांत विक्री नाही. टपरी शाळेच्या फाटकापासून किती लांब आहे, हे मोजायला जनुकतपासणी लागत नाही. जडल्यानंतर मात्र शरीराशरीरांतला फरक खरोखर मोठा ठरतो. दोन मित्रांनी एकाच पुडीतून सुरुवात केली, एकाने दहावीनंतर सहज सोडली, दुसऱ्याला सुटता सुटत नाही. या दुसऱ्याला निश्चयाचा कच्चा ठरवणे अन्याय आहे. त्याला तंबाखूमुक्ती केंद्रातील समुपदेशन आणि गरजेप्रमाणे वैद्यकीय उपचार मिळायला हवेत, तेही शाळेतून नाव कमी होण्याची भीती न बाळगता.