अंतरपाटाजवळचा साक्षी

नागपूरकर भोसल्यांच्या अंमलात छत्तीसगडात आलेली आणि १८५४ साली ते राज्य खालसा झाल्यावरही तेथेच रुजलेली जी मराठी घराणी, त्यांच्या वस्तीची खूण रायपूरच्या तात्यापाऱ्यात अजून आढळते. आणि भोवतालचा सारा व्यवहार हिंदी-छत्तीसगढीत चालला असता लग्नाच्या मांडवात अंतरपाट धरून मंगलाष्टके सुरू होतात, तेव्हा ती विशेष ठळक होते. त्या अंतरपाटाजवळ आता लहानसा मिररलेस कॅमेरा घेतलेला कँडिड फोटोग्राफर उभा असतो. त्याच्याविषयी मला पडणारा प्रश्न कलेचा नसून साक्षित्वाचा आहे.

जुन्या कॅमेऱ्यातला आरसा प्रत्येक छायाचित्रागणिक खट्कन वर उचलला जाई, फ्लॅश डोळे दिपवी, आणि फोटोग्राफरचा हुकूम भटजींच्या सूचनेहून वरचढ ठरे: हार पुन्हा घाला, इकडे पाहा. घटिका-पळांचा हिशेब करून काढलेला मुहूर्त अशा रीतीने भिंगाच्या सोयीसाठी खोळंबे. वास्तविक १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही, जेथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे तेथे, सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो असे मानले आहे. त्या पावलाची पुनरावृत्ती म्हणजे निव्वळ अभिनय. नव्या कॅमेऱ्यात आरसाच नसल्यामुळे आणि इलेक्ट्रॉनिक शटर निःशब्द चालत असल्यामुळे हा हस्तक्षेप टळतो, ही मी मोठीच धर्मसेवा समजतो. (एलईडीच्या रोषणाईत त्या शटरने चित्रावर पट्टे उमटण्याचा संभव असतो, म्हणून जाणता माणूस तेथे यांत्रिक शटरच वापरतो.)

ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत पुरुषाला, म्हणजे चैतन्यतत्त्वाला, साक्षी, मध्यस्थ, द्रष्टा आणि अकर्ता म्हटले आहे. प्रकृतीविषयी, म्हणजे मूळ जडतत्त्वाविषयी, मात्र असे सांगितले आहे की तिच्याहून सुकुमार काही नाही, आणि आपण पाहिले गेलो हे कळताच ती पुन्हा त्या पुरुषाच्या दृष्टीस पडत नाही. नववधूच्या चेहऱ्यावरचा सहजभाव अगदी याच जातीचा आहे. भिंग आपल्याकडे रोखले आहे हे कळताच तो मावळतो आणि मागे केवळ प्रदर्शनाचा चेहरा उरतो. म्हणून फोटोग्राफर अलक्षित राहू इच्छितो, आणि येथवर त्याचे म्हणणे मला मान्य आहे.

परंतु अलक्षित राहिल्याने कोणी अकर्ता होत नाही. कन्यादानाच्या वेळी वधूपित्याचे भरून आलेले डोळे टिपावेत की शेजारी आळस देणारा पाहुणा टिपावा, हा निर्णय त्याचाच असतो, आणि निर्णय आला की कर्तृत्व आले. शिवाय विवाहाचा खरा साक्षी जो अग्नी, तो लपून पाहत नाही. त्याचे विधिपूर्वक आवाहन होते, आहुती देऊन त्याचा मान राखला जातो, आणि त्याच्या समक्ष आपण बोलत आहोत हे वधूवरांना पुरते ठाऊक असते. बोलावल्यावाचून पाहणारा तो हेर. त्याचे यंत्र जितके लहान आणि मुके, तितका तो अधिक भयावह.

तेव्हा फोटोग्राफरने केळवणाच्या पंगतीपासूनच घरात यावे, आजी-काकूंना आपले नाव सांगावे, कोठे कॅमेरा चालणार नाही हे आधी विचारून घ्यावे. मग मांडवात त्याचा विसर पडला तरी तो विसर परवानगीतून आलेला असेल. आणि लग्नानंतर सारी चित्रे प्रथम वधूच्या हाती द्यावीत, तिने नको म्हटलेले चित्र, ते कितीही सुंदर असो, अल्बममध्ये न घालता कायमचे पुसून टाकावे.