साठवण आणि ठेव

संग्रहाचा प्रश्न मनुष्याच्या पाठीस फार जुन्या काळापासून लागलेला आहे. योगशास्त्राने अपरिग्रहास पाच यमांत स्थान दिले. गृहस्थाश्रमाने मात्र कणगी, फडताळ आणि माळा यांवाचून संसार चालत नाही असे ठरविले. दोन्ही पक्षांस आपापल्या जागी बळ आहे. कोणती वस्तू ठेवावी आणि कोणती टाकावी याचा विवेक ज्याचा त्याने करावा, असाच या वादाचा व्यवहारी निकाल आजवर लागत आला. अलीकडे या विवेकाची कसोटी पाहणारे एक नवे कोठार आपल्या घरांत आले आहे. ते म्हणजे टॅब. आणि त्या कोठारात गुपचूप जागा अडवून बसणारा पाहुणा म्हणजे गाणी ऐकविणारे ॲप होय.

वाकडचेच उदाहरण घ्या. शेजारच्या हिंजवडीतील संगणकाच्या उद्योगामुळे दूरदूरच्या जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे येथील उंच इमारतींत राहतात. गावाकडून आजी चार महिने येते आणि परत जाते. पुष्कळ घरांत टॅब एकच असतो; त्यावर मुलांचा अभ्यास, आईची गाणी, वडिलांचे कागद आणि आजीच्या चित्रफिती एकत्र नांदतात. एके दिवशी जागा संपल्याची सूचना पडद्यावर उमटते आणि घाईघाईने काहीतरी पुसले जाते. हे ‘काहीतरी’ कोणते असावे, हा केवळ सोयीचा प्रश्न आहे असे आम्हांस वाटत नाही. तो नीतीचाही प्रश्न आहे.

प्रथम कोठाराची रचना पाहू. गाण्याच्या ॲपची साठवण दोन प्रकारची असते. ऐकता ऐकता जी आपोआप साचते तिला कॅशे म्हणतात; तेच गाणे पुन्हा चटकन सुरू व्हावे एवढाच तिचा उपयोग. दुसरी साठवण म्हणजे आपण मुद्दाम डाउनलोड केलेली गाणी. कॅशे पुसल्याने काहीच हरवत नाही. अँड्रॉइडच्या टॅबवर ती सेटिंग्जमधून पुसता येते. मात्र तेथेच शेजारी सर्व डेटा पुसण्याचा जो पर्याय असतो, त्याने डाउनलोडही जातात, हे ध्यानी असावे. डाउनलोडांचा भार ध्वनीच्या प्रतीवर अवलंबून असतो. सेकंदास ३२० किलोबिट या उंची प्रतीत तासाभराचा ख्याल सुमारे १४४ मेगाबाइट जागा घेतो. ९६ किलोबिटांच्या प्रतीत तोच ४३ मेगाबाइटांत मावतो. घरातल्या साध्या कर्ण्यावर ऐकणाऱ्यास हा भेद क्वचितच जाणवेल.

आता मनुष्य प्रत्यक्षात काय करतो ते पाहावे. जागा हवी म्हटली की तो आकाराने मोठ्या वस्तू शोधतो, कारण यंत्र त्यास तसेच शिकविते. टॅबवर घेतलेली मिनिटभराची ठळक चित्रफीत साधारण शंभर मेगाबाइट होते. म्हणजे आजीने पाळण्याशी बसून दहा मिनिटे गायिलेले गाणे एक हजार मेगाबाइटांच्या घरात जाते आणि यादीत सर्वांच्या वर दिसते. ॲपची गाणी मात्र हजारोंनी असूनही एका चित्रामागे दडून राहतात. परिणाम असा होतो की, जे जगात लक्षावधी ठिकाणी उपलब्ध आहे ते घरात राहते, आणि ज्याची दुसरी प्रत कोठेच नाही ते पुसले जाते. यंत्रास वस्तूचा आकार कळतो. तिचे एकमेवपण त्यास कळत नाही. ते कळण्याची जबाबदारी आपली आहे, आणि ती यंत्रावर ढकलणे हाच येथील खरा दोष होय.

शिवाय डाउनलोड केलेली गाणी वस्तुतः आपली नसतात. वर्गणी थांबली की ती मुकी होतात. स्पॉटिफायचा तर असा नियम आहे की, तीस दिवसांत एकदा तरी इंटरनेटशी जोडणी व्हावयास हवी; न झाल्यास उतरविलेली गाणी वाजत नाहीत. भाड्याच्या भांड्यांसाठी घरची भांडी मोडीत काढावी, तसाच हा व्यवहार झाला.

यावर कोणी म्हणेल, आजीचे गाणे तरी कशास जपावे? वैराग्याचा धडा देणारी देहू वाकडपासून दूर नाही. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. आक्षेप वजनदार आहे. परंतु त्या त्यागाने ऋणको मोकळे झाले, आणि खते तुकोबांच्या स्वतःच्या वाट्याची होती. भावाचा वाटा त्यांनी भावास दिला होता. आजीच्या आवाजावर नातवंडांचा आणि अजून न जन्मलेल्यांचाही वाटा आहे. दुसऱ्याचा वाटा बुडविण्यास त्याग म्हणता येत नाही.

त्याच इंद्रायणीत पुढे अभंगांच्या वह्या बुडविण्याचा प्रसंग आला. तेरा दिवसांनी त्या वर आल्या, असे भाविक मानतात. लोकांच्या कंठी अभंग होते म्हणून गाथा तरली, असे चिकित्सक म्हणतात. दोन्ही मतांचा आदर राखून आम्ही एवढेच म्हणू की, कंठात जे असते त्यास जागा लागत नाही. मात्र कंठच मुके झाले म्हणजे काय? पिठाच्या गिरण्या आल्या, जाती थांबली आणि त्यांवरच्या ओव्याही थांबल्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८०च्या दशकापासून मुळशीच्या डोंगराळ गावांत व अन्यत्र बायकांकडून ओव्या टिपून घेतल्या. एक लाखाहून अधिक ओव्यांचा तो संग्रह २०१७पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने लोकांपुढे मांडण्यास आरंभ केला. हा उद्योग झाला नसता तर त्यांतील कितीतरी ओव्या गाणारणींबरोबरच गेल्या असत्या. प्रत्येक घरी असा संशोधक येणार नाही. तेथे ते काम घरच्यांनीच केले पाहिजे.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. आपोआप साचलेले निःशंकपणे पुसावे. पुन्हा मिळण्याजोगे त्यानंतर पुसावे, आणि त्यातही आरंभ स्वतःच्या गाण्यांपासून करावा. दुसऱ्याचे काही काढावयाचे झाल्यास त्यास विचारावे. आजीस टॅब चालविता येत नाही, एवढ्यावरून तिचा अधिकार कमी होत नाही. एकमेव असेल त्याची दुसरी प्रत निराळ्या जागी आधी करावी, मगच टॅबवरून काढावे. आणि आजी घरी आहे तोवर त्या गाण्यातले चार चरण मुलांनी तिच्याकडून पाठ करून घ्यावे. यास सुटीतील एक दुपार पुरते.