नुकसान झालं नाही, तरी फी परत का?

23 ऑक्टोबर 1989 रोजी टेक्सासमधल्या पासाडेना इथल्या फिलिप्स कंपनीच्या रसायन कारखान्यात स्फोट झाले. 23 माणसं मेली, शेकडो जखमी झाली. त्यानंतरच्या दाव्यांपैकी एकात 126 अशील होते. तो सुमारे 19 कोटी डॉलरना मिटला आणि त्यातले 6 कोटींहून अधिक डॉलर वकिलांना फी म्हणून मिळाले. पुढे 49 अशिलांनी आपल्याच वकिलांवर दावा लावला. कुणाची इजा किती, हे न तपासता आणि आम्हाला न विचारता सगळ्यांची एकगठ्ठा तडजोड केली, देऊ केलेल्या रकमा आमच्यापासून लपवल्या, दबाव आणून सह्या घेतल्या, असे त्यांचे आरोप होते. मागणी होती फी परत करण्याची.

सुरुवातीला वकील जिंकले. तडजोडीची रक्कम वाजवी आहे, म्हणजे अशिलांचं नुकसान झालेलं नाही, मग परत काय करायचं? हा युक्तिवाद सहज झटकता येत नाही. काम झालं, पैसे मिळाले, तक्रार कसली, असं आपल्याकडच्या कोर्टाच्या आवारातही कुणी म्हणेल.

याचं उत्तर शोधायला इंग्लंडच्या न्यायालयांनी फार पूर्वीच सुरुवात केली होती. 1726 मध्ये लंडनजवळच्या रॉमफर्ड बाजाराच्या भाडेपट्ट्याचं प्रकरण चॅन्सरी न्यायालयापुढे आलं. तो पट्टा एका अज्ञान मुलासाठी विश्वस्ताच्या ताब्यात होता. मालकाने मुलाच्या नावावर नूतनीकरण करायला नकार दिला, तेव्हा विश्वस्ताने तो स्वतःसाठी घेतला. मुलाला पट्टा मिळणारच नव्हता, म्हणजे त्याचं काहीच गेलं नव्हतं. तरीही लॉर्ड चॅन्सेलर किंग यांनी तो मुलाच्या हवाली करायला लावला. विश्वस्ताला अशी वाट मोकळी ठेवली, तर मुलासाठी नूतनीकरण मिळवायला तो धडपडेल कशाला, ही त्यांची भीती होती. मला या निकालाची कठोरता आवडते. विश्वस्ताचा हेतू वाईट होता की नाही, या वादात तो शिरतच नाही.

पण हा विश्वस्ताने स्वतःसाठी घेतलेल्या लाभाचा प्रश्न झाला. कष्टाने कमावलेल्या मोबदल्याचं काय? 1903 मध्ये इंग्लंडमध्येच मालमत्ता विकून देणाऱ्या एका दलालाने खरेदीदाराकडून गुपचूप 20 पौंड घेतले होते. न्यायालयाने ते तर काढून घेतलेच, शिवाय मालकाने दिलेली 50 पौंडांची दलालीही परत करायला लावली.

त्या 49 अशिलांच्या दाव्यात टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये हेच सूत्र वकिलांना लावलं. वकिलाला फी मिळते ती निकाल आणून देण्यासाठी, तशीच एकनिष्ठतेसाठीही. ती एकनिष्ठता दिलीच नसेल, तर फीचा तेवढा आधार निखळतो, अशिलाचं पुढे नुकसान झालं असो वा नसो. मात्र सगळीच फी आपोआप जावी, ही अशिलांची मागणी न्यायालयाने मानली नाही. कसूर किती गंभीर, केव्हा झाली, जाणूनबुजून केली का, वकिलाच्या कामाची किंमत त्याने किती घटली, हे पाहून न्यायाधीशाने प्रमाण ठरवावं, असं सांगून प्रकरण परत पाठवलं. काहींना हे मवाळ वाटेल. मला ते रास्त वाटतं, कारण एका विसरलेल्या पत्राला आणि विकलेल्या विश्वासाला एकच शिक्षा असू नये.

आपल्याकडे हे तत्त्व आयात करावं लागत नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 220 सांगतं, की प्रतिनिधीने ज्या भागात गैरवर्तन केलं, त्या भागाचा मोबदला त्याला मिळणार नाही. कायद्यातलंच उदाहरण पाहा. एक लाख रुपये वसूल करून चांगल्या तारणावर गुंतवायचे होते. प्रतिनिधीने 90,000 नीट गुंतवले आणि 10,000 अशा तारणावर, जे वाईट आहे हे त्याला कळायला हवं होतं. त्यात 2,000 बुडाले. ते 2,000 त्याने भरायचे आणि त्या 10,000 च्या गुंतवणुकीचा मोबदलाही गमवायचा. भरपाई आणि मोबदला ही दोन वेगळी खाती आहेत, हे इथे दीडशे वर्षांपूर्वीच मांडलेलं आहे.

मग अडतं कुठे? अॅडव्होकेट्स अॅक्ट, 1961 च्या कलम 35 खाली गैरवर्तन सिद्ध झालं तर वकिलाला ताकीद मिळते, त्याची सनद निलंबित होते किंवा नाव पटावरून जातं. अशिलाने मोजलेल्या फीबद्दल त्या कलमात अक्षर नाही. मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांच्या सेवेला ग्राहक संरक्षण कायद्यातूनही बाहेर ठेवलं. वकिली हा व्यापार नव्हे, हे त्यामागचं कारण मला पटतं. पण व्यापार नसेल, तर विश्वासाची अट अधिकच कडक हवी. कलम 35 खाली चौकशी करणाऱ्या शिस्तपालन समितीने वकिलाला दोषी ठरवल्यावरही फीसाठी अशिलाने दिवाणी कोर्टात पुन्हा पहिल्यापासून लढायचं, हे मला अन्यायाचं वाटतं. त्याच आदेशात फीचा किती भाग परत द्यायचा हे ठरवण्याचा अधिकार समितीला द्यायला हवा. त्यासाठी कलम 35 मध्ये एका पोटकलमाची भर पुरेशी आहे.