घड मोजणारा डोळा

पलूसच्या एका पॅकहाउसमध्ये तीन हंगामांपूर्वी मी बसवलेला कॅमेरा द्राक्षांचे घड मोजायचा. आता तो बायका मोजतो. हकिगत एवढीच आहे. पण ‘मी हे काम पुढे करावं का’ हा प्रश्न तिनं माझ्यासमोर आणून ठेवलाय आणि तो काही हलत नाही.

माझं काम संगणकाला चित्रातलं ओळखायला शिकवण्याचं. गावाकडे त्याला ‘कॅमेऱ्याचं काहीतरी’ म्हणतात, ते चूक नाही. पॅकहाउसचं काम मी हौसेनं घेतलं होतं. निर्यातीच्या मालात मणी 16 मिलिमीटरचा की 18 चा, यावर भाव हलतो. टेबलाशी बसलेल्या बायका कात्रीनं खराब मणी काढतात, घड वजन करून पनेटमध्ये भरतात. कॅमेऱ्यानं मण्याचा आकार आणि रंग बघून प्रत सांगायची, असं ठरलं. त्यासाठी आधी हजारो फोटोंत घडांभोवती हातानं चौकटी आखाव्या लागतात. त्यात मला आत्यानं मदत केली. ती वीस वर्षं त्या टेबलांवर बसते. तडकलेला मणी कुठला आणि नुसता डाग पडलेला कुठला, हे मला तिनं शिकवलं. मी ते यंत्राला शिकवलं.

गेल्या हंगामात मालकांनी दुसऱ्या कुणाकडून एक बदल करून घेतला. कॅमेरा तोच, प्रोग्रामचा सांगाडा माझाच, फक्त ‘घड’च्या जागी ‘माणूस’. जागेवरून कोण किती मिनिटं उठलं, याचा कागद रोज संध्याकाळी निघू लागला. आत्याच्या आठवड्याच्या पगारातून पैसे कापले गेले. ती माझ्यावर चिडली नाही. म्हणाली, “तुझ्या त्या डोळ्याला एवढं सांग गं, पाणी प्यायला गेलते म्हणून.”

पहिला बचाव मला लगेच सुचला, तो सगळ्यांनाच सुचतो: हत्याराला काय कळतं, वापरणारा जबाबदार. पलूसच्या शेजारीच किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली तिथल्या माळावर कारखाना आणला, तो लोखंडी नांगरांचा. लोखंडानं जमीन विषारी होईल, अशी धास्ती तेव्हा शेतकऱ्यांना होती. ती खोटी ठरली, म्हणून नव्या यंत्राला घाबरणाऱ्यांना ही गोष्ट आमच्याकडे हमखास ऐकवतात. मीही ऐकवलेली आहे. पण नांगर जमीन उलटतो, हाकणाऱ्याकडे वळून बघत नाही. घड ओळखायला शिकलेली नजर मात्र एका दुपारीत माणसाकडे वळवता येते. ही सोय तिच्यात पहिल्यापासूनच असते, आणि ती करणाऱ्याला ते माहीत असतं. मला माहीत होतं.

दुसरा मार्ग थांबण्याचा. आमच्या क्षेत्रात जोसेफ रेडमन हे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. वॉशिंग्टन विद्यापीठात असताना 2015 मध्ये त्यानं सहकाऱ्यांबरोबर ‘योलो’ ही पद्धत मांडली. तोवरच्या नावाजलेल्या पद्धती एका चित्राचे शेकडो तुकडे वेगवेगळे तपासत बसत. ही एकाच नजरेत काय कुठे आहे ते सांगते. कोड त्यानं सगळ्यांसाठी मोकळा ठेवला. माझा घड मोजणारा डोळा त्याच कुळातला. 2018 मध्ये तिसऱ्या आवृत्तीबद्दल लिहिताना शेवटी त्यानं विचारलंच, की आता हे आपल्या हाती आलंय तर आपण त्याचं करणार काय? लोक अभयारण्यातले झेब्रे मोजतील, घरातल्या मांजरावर लक्ष ठेवतील, अशी आशाही त्यानं थट्टेच्या सुरात लिहिली. फेब्रुवारी 2020 मध्ये त्यानं हे संशोधन सोडल्याचं जाहीर केलं: काम आवडतं, पण लष्करी वापर आणि लोकांच्या खासगीपणाचा प्रश्न आता डोळ्याआड करता येत नाही. एप्रिलमध्ये दुसऱ्या संशोधकांनी चौथी आवृत्ती काढली.

मला त्याच्याबद्दल आदर आहे. पण रेडमन थांबला तेव्हा जगभर चर्चा झाली. मी थांबले तर पलूसच्या बसस्टँडवरही कुणाला कळणार नाही. कॅमेरा चालूच राहील.

तिसरा माणूस आपल्याकडचा, नाशिकचा रमेश रासकर. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून तो अमेरिकेत गेला, पुढे एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये. प्रकाश पुढे सरकताना दिसावा इतक्या वेगानं चित्रं टिपणारा कॅमेरा त्याच्या गटानं घडवला. भिंतीवरून विखुरलेल्या प्रकाशावरून कोपऱ्यापलीकडची वस्तू ओळखण्याचा प्रयोगही केला. आडोसा म्हणजे काय, असा प्रश्न पडावा असं हे काम. कोरोनाच्या साथीत, 2020 मध्ये, त्यानं पुढाकार घेतलेल्या ‘सेफ पाथ्स’ अ‍ॅपमध्ये मात्र माणूस कुठे कुठे गेला याची नोंद त्याच्याच फोनमध्ये राहील, द्यायची की नाही हे तोच ठरवील, अशी रचना होती. म्हणजे न बघण्याचीही रचना करता येते. अडचण एवढीच, की फोन ज्याचा त्याचा असतो. पॅकहाउसमधला कॅमेरा आत्याचा नाही.

तरी त्या गोष्टीनं मला माझी चूक दाखवली, आणि ती लाजिरवाणी इतकी साधी होती. मण्याचा आकडा काढून झाला की चित्र पुसून टाकता आलं असतं. ‘पुढे कधी लागतील’ म्हणून मी ती साठवत ठेवली. पुढे लागली खरी. कॅमेरा टेबलावर सरळ खाली बघणारा लावता आला असता. मी तिरका लावला, एकात सगळं टेबल मावतं म्हणून. त्यात चेहरेही आले. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी दबाव आणला नव्हता. नैतिक निर्णय माझ्या वाट्याला आला तेव्हा मी शिडीवर उभी राहून स्क्रू पिळत होते आणि विचार करत होते तो वायर किती लागेल याचा.

परवा मालकांचा फोन आला. जानेवारीत माल सुरू होईल, प्रत्येक टेबलाला एक कॅमेरा हवाय. मी आत्याला विचारलं, करू का? ती बराच वेळ शेंगा फोडत बसली. मग म्हणाली, “तू न्हाई केलंस तर दुसरं कुणी करंलच की. तू केलंस तर मला शिव्या घालायला माणूस तरी घरातलं असंल.”

मी मालकांना चार अटी कळवल्या. कॅमेरे वरून सरळ खाली. चौकटीत फक्त टेबल. चित्रं रोज संध्याकाळी पुसायची. बायकांचे कापलेले पैसे परत. पहिल्या तिन्हींना ते हो म्हणाले. चौथी अट तांत्रिक नाही, असं म्हणून हसले, आणि सांगतो म्हणाले. छाटण्या उरकल्या, घड भरत आलेत. त्यांचा फोन अजून आलेला नाही.